काहीच नाही निघालं?

कॉलेजातलं आरोग्य तपासणीचं शिबिर संपत आलं होतं. मुलं हॉलमधल्या खुर्च्या एकात एक रचू लागली होती, स्पिरिटचा वास अजून रेंगाळत होता आणि खिडकीबाहेर ऑगस्टच्या पावसाने कॉलेजच्या मैदानाचा पार चिखल करून टाकला होता. एसवायची एक मुलगी हातातलं तपासणीचं कार्ड उलटसुलट करत माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. हिमोग्लोबिन १२.४. रक्तदाब ११०/७०. नाडी ७८. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २१. खाली डॉक्टरांची सही आणि त्यांच्या तिरक्या अक्षरात 'फिट'. तिने कार्ड माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, "मॅडम, म्हणजे काहीच नाही निघालं?" रिपोर्ट चांगला आला की माणसाच्या आवाजात जो सुटकेचा सूर असतो, तो तिच्या आवाजात नव्हता. काहीतरी निघेल म्हणून ती आली होती, आणि आता रिकाम्या हाताने घरी जायचं होतं. "अगं, चांगलंच आहे की मग!" असं माझ्या सहकारी बाई मागून म्हणाल्या, तेव्हा ती हसली आणि कार्डाची घडी घालायला लागली. मी तिला म्हटलं, बस जरा.

बराच वेळ ती ओढणीच्या टोकाशी खेळत राहिली. मग हळूहळू बोलली. दहावी-बारावीत कधी नव्हता असा थकवा. सकाळी उठून केस विंचरणंसुद्धा मोठं काम वाटतं. रात्री झोप लागते, पण साडेतीनला डोळे टक्क उघडतात ते उघडतातच, मग पंख्याकडे बघत सहा वाजवायचे. जेवण पुढे आलं की नको वाटतं. आई म्हणाली, अंगात रक्त नसेल तुझ्या, कॉलेजात फुकट तपासतायत तर बघून घे. "बाराच्या खाली आलं असतं ना मॅडम, तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "निदान घरी सांगता तरी आलं असतं."

तिचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

बायकांमध्ये हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात, म्हणून ती रेषा तिला पाठ होती. आईचा अंदाजही काही वेडगळ नव्हता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. थकलेली, कोमेजलेली मुलगी दिसली की आपल्याकडच्या आईने आधी रक्ताचा विचार करावा हे बरोबरच आहे. रक्त कमी निघालं असतं तर लोहाच्या गोळ्या आल्या असत्या, रोज रात्री खजूर भिजत पडला असता, बिटाची कोशिंबीर झाली असती, भांडी घासायला धाकट्या भावाला बसवलं असतं. घरातल्या सगळ्यांना काय करायचं ते कळलं असतं. रक्त ठीक निघाल्यामुळे तिचा थकवा एकदम बेवारस झाला. आता तो आळस ठरणार होता, नाहीतर मोबाईल.

मला माझी मावशी आठवली. ठाण्यात, नौपाड्यातल्या जुन्या वाड्यात आम्ही राहायचो तेव्हाची. गणपती गेले की कधीतरी मावशी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायला लागायची, ते दिवाळीच्या फराळाची भाजणी दळून आली तरी उठायची नाही. घंटाळीजवळचे आमचे डॉक्टर यायचे, जीभ बघायचे, पापणी खाली ओढून बघायचे, आणि म्हणायचे, अशक्तपणा आहे. मग ते लालभडक बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन. त्याची रिकामी कुपी मी आणि माझा भाऊ भातुकलीत वापरायचो. आजी तिच्यासाठी डिंकाचे लाडू वळायची, खारीक कुटायची, दुपारी तिच्या टाळूवर तेल जिरवायची आणि काहीही न विचारता तासभर बसून राहायची. मावशी थोडी उठायची, थोडी हसायची. त्या इंजेक्शनाने तिला किती बरं वाटलं आणि आजीच्या हाताने किती, हे आज कुणी सांगू शकणार नाही. बी-१२ खरोखर कमी असेल तर माणूस मलूल होतो, मन उतरतं, हातापायाला मुंग्या येतात, हेही खरं आहे. पण मावशीच्या मनात काय चाललंय हे विचारायला त्या घरात कुणाकडे दारच नव्हतं. शरीराचं एक दार होतं, तिथूनच सगळे आत जायचे. आजीने त्या दारातून जेवढं आत नेता येईल तेवढं नेलं, असं मला आता वाटतं.

दुसरं दार आमच्या गावात तर आणखीच घट्ट बंद होतं. १९०१ पासून इथे मनोरुग्णालय आहे, आणि उभ्या महाराष्ट्राला ठाणं तेवढ्यासाठीच माहीत असल्यासारखं. लग्नात साताऱ्याकडचे, पुण्याकडचे नातेवाईक भेटले की कुणाचं तरी 'याला ठाण्याला पाठवा' व्हायचंच. आम्ही लहान मुलं हसायचो, मावशी हसायची नाही. त्यानंतर काळ पुष्कळ बदलला. १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी याच शहरात इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू केली, आणि मनाविषयी बोलायला लोक चांगले कपडे घालून, वेळ घेऊन, घरच्यांना बरोबर घेऊन जाऊ लागले. तरीसुद्धा माझ्यासमोर बसलेल्या त्या मुलीला हिमोग्लोबिनचा आकडाच हवा होता. तिला उपचारांपेक्षाही आधी हवी होती थकण्याची परवानगी.

मी प्राणिशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. पण शिबिराचं काम माझ्याकडे असल्यामुळे या विषयात मी जमेल तसं वाचत गेले. नैराश्याच्या चाचपणीसाठी जगभर वापरली जाणारी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, पीएचक्यू-९. ती २००१ मध्ये आली. मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, असं प्रत्येक प्रश्नात विचारतात आणि ० ते ३ गुण देतात. सगळे मिळून २७. दहा किंवा त्याहून जास्त झाले की तज्ज्ञाने नीट बघायला हवं. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकले ते यासाठी की नऊपैकी चार प्रश्न सरळ शरीराचे आहेत. झोप. थकवा. भूक. हालचाल मंदावणं किंवा अंगात सतत अस्वस्थ चळवळ असणं. शरीर वेगळं आणि मन वेगळं, ही वाटणी त्या एका पानावरसुद्धा टिकत नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलीने यातल्या तीन गोष्टी न विचारता सांगितल्या होत्या आणि आमच्या कार्डावर त्यातल्या एकीसाठीही रकाना नव्हता.

मग जे मोजतो त्याचा मनाशी काय संबंध? आहे, आणि तो कच्चा नाही. स्वीडनमध्ये लष्करी भरतीच्या वेळी १८ वर्षांच्या मुलांना सायकलच्या यंत्रावर दमेपर्यंत पॅडल मारायला लावून त्यांची क्षमता मोजत. अशा ११ लाखांहून अधिक मुलांचा पुढे अनेक वर्षं माग काढलेला अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अठराव्या वर्षी ज्यांचा दम कमी पडला होता, त्यांच्यात पुढे गंभीर नैराश्य येण्याचा धोका चांगला दम असलेल्यांच्या जवळपास दुप्पट होता. ब्रिटनमध्ये दीड लाखावर मध्यमवयीन लोकांचा दम आणि हाताची पकड मोजून सात वर्षांनी पुन्हा पाहिलं. दोन्ही कमी असलेल्यांमध्ये नैराश्याची शक्यता अशीच जवळपास दुपटीने जास्त दिसली. चीनमध्ये तर विद्यापीठातल्या प्रत्येक मुलाची दरवर्षी परीक्षाच होते: उंची-वजन, फुप्फुसात किती हवा मावते, ५० मीटर धावणं, जागेवरून लांब उडी, बसून पायाच्या बोटांना हात लावणं, मुलांना १००० आणि मुलींना ८०० मीटर पळणं. एवढ्या मुलांची एवढी मापं हाताशी असल्यावर मनाच्या प्रश्नावलीशी ती ताडून बघावीत असं संशोधकांना वाटणारच. हाताची पकड ऐकायला किरकोळ गोष्ट वाटते. पण त्या एका आकड्यात स्नायू, खाणं, झोप, रोजची हालचाल असं बरंच काही येऊन मिसळतं. आमच्या शिबिरात ती पकड मोजायच्या यंत्राभोवती मुलांची सगळ्यात जास्त झुंबड असते. दात-ओठ खाऊन दाबतात, काटा पन्नासच्या पुढे गेला की ओरडतात. त्या गर्दीत मागच्या मागे सटकणारी मुलंही असतात. काट्याइतकंच लक्ष मी आता त्यांच्याकडे ठेवते.

कशामुळे काय होतं, हे मात्र या आकड्यांवरून सरळ वाचता येत नाही. लठ्ठपणा आणि नैराश्याबद्दल २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हा दोन्ही दिशांनी रस्ता चालू असल्याचं दिसलं: लठ्ठ माणसांना पुढे नैराश्य येण्याची शक्यता ५५ टक्क्यांनी जास्त आणि नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची ५८ टक्क्यांनी. म्हणजे पोराचं वजन वाढलंय म्हणून ते उदास आहे, की उदास आहे म्हणून रात्री दोन वाजता फरसाणाचा डबा उघडून बसतंय, हे वजनकाट्यावर दिसत नाही. ते विचारावं लागतं.

त्यातून बीएमआय हे मापच मोठं भाबडं. १९ व्या शतकात बेल्जियमच्या ॲडॉल्फ केटले यांनी हे गणित मांडलं ते समाजाची सरासरी काढण्यासाठी, एकेका माणसाची तब्येत ठरवण्यासाठी नव्हे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि ब्रिटनच्या जॉन यडकिन यांचा शेजारी शेजारी बसलेला फोटो छापला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. पण यडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२. माझ्या वर्गातली किती तरी सडपातळ मुलं मला त्या फोटोतल्या याज्ञिकांच्या बाजूला बसलेली दिसतात. कार्डावर सगळं नॉर्मल. आणि जिचं नॉर्मल नाही तिची वेगळीच परीक्षा. आमच्याकडे पूर्वी वजनाचा आकडा लिहून घेणारा स्वयंसेवक टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसायचा, त्यामुळे काट्याजवळची मुलगी तो मोठ्याने सांगायची. "एकोणऐंशी!" हॉलमध्ये क्षणभर शांतता, मग कुठेतरी खिक्. ज्या मापाने मदत करायची त्याच मापाने आपण एखाद्याचा आठवडा, महिना काळवंडून टाकू शकतो. काट्यावर चढताना चपलाच नाहीत, कानातलेसुद्धा काढून मैत्रिणीच्या हातात देणाऱ्या मुली मी बघितल्या आहेत.

आकडे घरातून निघून इथवर कसे येतात, तेही बघायला हवं. आमच्याकडे दिव्याहून, टिटवाळ्याहून, आसनगावहून मुलं येतात. सव्वासातच्या लेक्चरसाठी पहाटे निघायचं, दिव्याला गाडीत शिरणं हाच एक व्यायाम, ठाण्याच्या पुलावर खांद्याला खांदा लावून सरकायचं, आणि कॉलेजच्या दारात पोचेपर्यंत पोटात चहा आणि दोन ग्लुकोजची बिस्किटं. दुपारी वडापाव. काही मुलं कॉलेज सुटलं की घरी जातच नाहीत. नऊ-दहा नंबरवरून वाशीची गाडी पकडून ऐरोलीला उतरतात आणि कॉल सेंटरची पाळी करतात. अशाच एका मुलाची नाडी शांत बसल्यावरही ९८ भरली. डॉक्टरांनी पुन्हा मोजली, पुन्हा तेवढीच. किती झोपतोस? "साडेतीन-चार तास सर, गाडीत बसायला मिळालं तर अजून थोडी." चहा किती? त्याने मोजलाच नव्हता. त्याला मी कुठली प्रश्नावली द्यायची? झोपेच्या प्रश्नाला तीन गुण, थकव्याला तीन, भुकेला दोन, लक्ष लागत नाही याला तीन. बेरीज अकरा. त्याला नैराश्य आहे, की घरभाड्याचा वाटा उचलणाऱ्या एकोणीस वर्षांच्या मुलाचं शरीर त्याच्या वतीने तक्रार करतंय? आमच्या कॉलेजच्या समुपदेशक मला म्हणाल्या, हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं धरूच नका. झोप अशीच तुटत राहिली तर नैराश्य तिच्या मागोमाग येईल. त्या बोलल्या ते मला अगदी पटलं. पण त्याला झोप कोण देणार?

आणि मग तो कबड्डीवाला मुलगा. कळव्याचा. पकड पंचावन्न किलोच्या घरात, नाडी साठ, मांड्या अशा की डॉक्टरही कौतुकाने बघत राहिले. त्याचं कार्ड मुलांनी हातोहात फिरवलं. दिवाळीनंतर तो यायचा बंद झाला. त्याचा एक मित्र माझ्याकडे येऊन हळूच सांगून गेला की तो दिवसभर अंधार करून पडून असतो, सरावालाही जात नाही. पुढे त्याच्या वडिलांना बोलावलं, समुपदेशकांनी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, औषधं सुरू झाली. एप्रिलच्या परीक्षेला तो बसला. लाखो माणसांच्या अभ्यासात जे खरं असतं ते एका माणसाला लागू पडेलच असं नाही, हे वर्गात शिकवायला सोपं आहे. त्याच्या आकड्यांनी आम्हाला काहीही सांगितलं नव्हतं. सांगितलं मित्राने.

आकडा सुधारला की मन सुधारेल, अशी आशा मलाही वाटायची. आता आमच्या सोसायटीत जवळजवळ प्रत्येक घरी ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी रविवारी दुधातून घेतली जाते. ड जीवनसत्त्व कमी आणि मन उदास, या दोन गोष्टी बऱ्याचदा एकत्र सापडतात. पण अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,००० हून अधिक लोकांना पाच वर्षांच्या आसपास रोज ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, २०२० मध्ये निष्कर्ष आला, आणि नैराश्य टळण्याच्या बाबतीत खोट्या गोळीपेक्षा काही फरक पडला नव्हता. जो उन्हात बाहेर पडत नाही त्याचं ड कमी असणार. तो बाहेर का पडत नाही हा प्रश्न पुडीने सुटत नाही. व्यायामाचं मात्र वेगळं आहे. २०२४ मध्ये २१८ प्रयोगांचा एकत्र आढावा आला, चौदा हजारांवर माणसांचा, आणि चालणं-धावणं, योगासनं, वजनं उचलणं यांनी नैराश्य खरोखर हलकं होतं असं त्यात दिसलं. सकाळी तलावपाळीला चकरा मारणारी माणसं बघितली की मला ते लगेच खरं वाटतं. पण ज्याला अंथरुणातून पाय खाली टेकवणं जड आहे त्याला 'तलावपाळीला चार चकरा मार, बरं वाटेल' असं सांगणं मला जमत नाही. आजाराने नेमकी तीच शक्ती नेलेली असते. त्याला आधी कुणीतरी सोबत यायला हवं असतं, जिन्यापर्यंत, मग गेटपर्यंत. आमच्या एनएसएसच्या मुलांनी अशी जोडी जमवायला सुरुवात केली आहे. दोघादोघांनी कॉलेज सुटल्यावर स्टेशनपर्यंत रिक्षा न करता चालत जायचं, एवढंच. कुणाला उपचार म्हणून नेत नाहीत, सोबत म्हणून नेतात.

त्या मुलीला मी त्या दिवशी समुपदेशकांची वेळ घेऊन दिली आणि थायरॉइड, बी-१२ तपासून घ्यायलाही सांगितलं, कारण थायरॉइड मंदावलं तरी माणूस असाच मिटत जातो आणि ते वगळल्याशिवाय पुढे जाऊ नये. तिच्या आईला फोनवर सांगताना मी "रक्त ठीक आहे, पण तब्येत ठीक नाही" असं म्हटलं. पलीकडे थोडा वेळ आवाज नव्हता. मग त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं हो मॅडम. पोरगी आमटीत जीव गुंतवायची, आता चवसुद्धा घेत नाही." आईला सगळं दिसत होतं. तिलाही कार्डावर लिहिलेलं काहीतरी हवं होतं, एवढंच.

नंतरच्या शिबिरात आम्ही मांडणी बदलली. वजनकाटा पडद्याआड गेला आणि आकडा लिहिणारी मुलगी काट्याला खेटूनच बसू लागली. शेवटी एक टेबल वाढवलं, हॉलच्या कोपऱ्यात, दोन खुर्च्यांचं. तिथला पहिला प्रश्न झोपेचा. मन कसं आहे विचारलं की मुलं "मस्त" म्हणतात आणि उठतात. झोप कशी लागते विचारलं की खुर्चीत मागे टेकून बसतात आणि सांगत राहतात. पीएचक्यू-९ मधल्या नवव्या प्रश्नाला, म्हणजे जगणं नकोसं वाटण्याच्या प्रश्नाला, शून्याशिवाय दुसरं कुठलंही उत्तर आलं तर त्या मुलाला एकटं घरी सोडायचं नाही, हे स्वयंसेवकांना आधी शिकवलं. समुपदेशक येईपर्यंत कुणीतरी त्याच्याबरोबर बसायचं, आणि त्या नसतील तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक तिथूनच लावायचा. तो रात्रीसुद्धा चालू असतो, हे मुलांना आवर्जून सांगतो.

यंदाच्या शिबिराच्या बैठकीत एक मुद्दा अजून अडलेला आहे. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, प्रश्नावलीचे गुणही कार्डावर छापा, हिमोग्लोबिनच्या खाली. लपवल्यानेच लाज वाढते. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण कार्ड घरी जातं, टीव्हीच्या टेबलावर पडतं, शेजारच्या काकू उचलून वाचतात, आणि एखाद्या मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात कुठूनतरी ते वर येतं. म्हणून मी सुचवलं आहे की गुण समुपदेशकांच्या वहीत राहू देत आणि कार्डावर झोपेचे तास आणि भूक असे दोनच नवे रकाने यावेत. ते आई वाचेल आणि विचारेल. समुपदेशक आठवड्यातून दोनच दिवस येतात. त्या रोज असाव्यात, हा अर्जही मी त्याच बैठकीसाठी दिला आहे. बैठक येत्या शनिवारी आहे.